दुसऱ्या समीक्षकांना, उशिरा का होईना

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव मला माहीत नाही. तुम्ही बाई की बुवा, तेही ठाऊक नाही. माझा पेपर छापण्याआधी नियतकालिकाने दोघांना तपासायला दिला, त्या संपादकांच्या मेलमध्ये तुम्ही नुसते ‘समीक्षक २’ होतात आणि सोबत सहा पानांची टिपणं होती. ‘समीक्षक १’ तीन ओळींत ‘उत्तम, छापावे’ म्हणून मोकळे झाले होते. त्यामुळे तुमची सहा पानं बघून मी चिडले, लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस उघडलाच नाही.

पीएचडीचं शेवटचं वर्ष होतं. मंगळावरच्या एका लाव्हाच्या मैदानाचं वय काढायचं, एवढाच माझा पेपर. तिथला दगड उचलून प्रयोगशाळेत आणायची सोय नाही, म्हणून आपण विवरं, म्हणजे आकाशातून दगड आदळून पडलेले खड्डे, मोजतो. विवरं जितकी दाट, तितकी जमीन जुनी. अपोलो मोहिमांनी आणलेल्या दगडांवरून हे गणित चंद्रासाठी बसवलं गेलं आणि मग हिशेब करून मंगळाला लावलं गेलं. मी मनगट दुखेपर्यंत बारीक बारीक विवरांवर एकेक गोल काढले होते. वय चांगलं भरभक्कम आलं होतं.

तुम्ही नेमकं चौथ्या आकृतीवर बोट ठेवलंत. उजव्या कोपऱ्यातली विवरं उथळ आहेत, लांबट आहेत, ओळीने बसली आहेत. ही आकाशातून एकेकटी पडली असं खरंच वाटतं का, असं विचारलंत. वर झुनिलचा दाखला दिलात. मंगळावरचं हे विवर जेमतेम १० किलोमीटरचं, पण ते घडताना उडालेल्या दगडांनी सुमारे एक कोटी दुय्यम विवरं पाडली असावीत, असा अंदाज २००५ साली मांडला गेला. थोडक्यात, एकाच आघाताची पिल्लं मी शेकडो वेगळे आघात म्हणून मोजत होते.

तिसऱ्या दिवशी ती प्रतिमा छापून घेतली, पट्टी घेतली आणि प्रत्येक लांबट विवराच्या रोखाने रेघ ओढली. रेघा कागदाबाहेर गेल्या. शेजारच्या भागाचा कागद चिकटवला, मग आणखी एक. तिथे एका मोठ्या विवरापाशी सगळ्या रेघा येऊन मिळाल्या. ती विवरं वगळून पुन्हा मोजलं, तर मैदान निम्म्याहून तरुण निघालं. पेपरचं शीर्षकच बदलावं लागलं.

आज माझ्या नावावरचा सर्वाधिक सायटेशन (इतरांनी आपल्या पेपरांत दिलेले दाखले) असलेला पेपर तोच आहे. मध्यंतरी बढतीचा अर्ज भरला, त्यात एच-इंडेक्सचा रकाना होता. भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला हा आकडा: ११ पेपरांना प्रत्येकी किमान ११ सायटेशन, तर इंडेक्स ११. आपल्या क्षेत्रात तो कसा फसतो, हे तुम्हाला मी काय सांगणार! युरेनसपाशी आजवर एकच यान गेलंय, १९८६ मध्ये व्हॉयेजर २. त्या धावत्या भेटीतल्या नोंदींवर आयुष्य घालवणारा माणूस आणि मंगळाच्या ताज्या प्रतिमा रोज चाळणारी मी, दोघं एकाच तराजूत. मोठ्या मोहिमेच्या पेपरवर शंभराच्या यादीत नाव लागलं तरी आकडा चढतोच.

तुमच्या सहा पानांसाठी मात्र त्या अर्जात रकाना नव्हता. तुमच्याही अर्जात नसणार. पेपरच्या शेवटी मी ‘दोन अनामिक समीक्षकांचे आभार’ लिहिलं आणि त्या अर्ध्या ओळीत तीन ओळीवाल्यांना तुमच्याइतकाच वाटा मिळाला. हे मला अजून बोचतं.

आणखी एक. पुढे एका समीक्षकाने मला पाच संदर्भ घालायला लावले, पाचही एकाच लेखकाचे. कोणाचे, ते ओळखायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. तुम्ही सुचवलेल्या संदर्भांत दोनदा आलेलं एकही नाव नव्हतं. मी नंतर मुद्दाम तपासलं. म्हणूनच तुम्ही कोण, याचा माग मला लागला नाही.

आता कबुली. तुमचा सतरावा मुद्दा मी उडवून लावला होता. सूर्य डोक्यावर असताना घेतलेल्या प्रतिमेत सावल्या पडत नाहीत, उथळ विवरं दिसेनाशी होतात, तेव्हा तिरप्या उन्हातली प्रतिमा घेऊन पुन्हा मोजा, असं तुम्ही म्हटलं होतं. मी उत्तर दिलं, ‘हे प्रस्तुत अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे.’ खरं कारण, मला पुन्हा मोजायचा कंटाळा आला होता. यंदा मोजलं. पश्चिमेकडच्या पट्ट्यात तुमचंच म्हणणं बरोबर निघालं. वय थोडं वर सरकतं. दुरुस्ती नियतकालिकाकडे पाठवली आहे.

ती तपासायला तुमच्याकडेच आली, तर तुमचा तिसरा मुद्दाही लक्षात आहे: या वेळी प्रत्येक आकृतीवर प्रमाणपट्टी टाकली आहे.

तुमची ऋणी,
‘लेखिका १’