महोत्सव प्रागचा आणि परवानगी दिल्लीची

संपादक महोदय,

मानवी हक्कांवरील चित्रपटांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. प्राग आणि जिनिव्हाचं कौतुक रास्तच आहे. मात्र असा महोत्सव आपल्याकडे का उभा राहत नाही, याचं उत्तर लेखकाने प्रेक्षकांची अनास्था आणि प्रायोजकांची वानवा या दोन गोष्टींत उरकलं, ते काही पटलं नाही. फिल्म सोसायटी चालवणाऱ्या कोणालाही विचारा, तो आधी परवानगीचं नाव घेईल.

१९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवात दाखवायच्या चित्रपटांपैकी अनेकांकडे ते नसतं. मग संयोजक माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे सूट मागतात. बहुतेक चित्रपटांना ती मिळतेही. अडतं कुठे ते पाहा. २०१७ साली तिरुवनंतपुरमच्या माहितीपट व लघुपट महोत्सवात तीन चित्रपटांना सूट नाकारली गेली. एक हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याच्या आत्महत्येवरचा, एक दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठातल्या आंदोलनावरचा आणि एक काश्मीरमधल्या विद्यार्थ्यांवरचा. मानवी हक्कांच्या महोत्सवाचा कार्यक्रम ठरवायला बसलो, तर पहिल्या पानावर हेच विषय येणार!

दोन वर्षांनी त्याच महोत्सवात आनंद पटवर्धन यांच्या 'विवेक'ची पाळी आली. डॉ. नरेंद्र दाभोलकर, कॉ. गोविंद पानसरे आणि गौरी लंकेश यांच्या खुनांमागचं वातावरण दाखवणारा हा माहितीपट. २०१८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या 'इड्फा' या माहितीपट महोत्सवात त्याला पूर्ण लांबीच्या माहितीपटाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. केरळात मात्र त्याला सूट नाकारली गेली. कायदा-सुव्यवस्था बिघडेल, अशी सरकारची बाजू होती. केरळ उच्च न्यायालयाने ती मानली नाही आणि जून २०१९ मध्ये चित्रपट दाखवला गेला. पानसरेअण्णांवर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या त्या आमच्या कोल्हापुरात. आमच्या गावातल्या खुनाबद्दलचा माहितीपट नोंदणी केलेल्या चार-पाचशे लोकांना दाखवायचा, तर केरळातल्या संयोजकांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. त्यांना वकील परवडला. आमच्यासारख्या सोसायटीचं वर्षाचं अंदाजपत्रक एका तारखेतच संपेल.

निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे मान तुकवून अभिव्यक्तीवर बंधन घालता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एस. रंगराजन प्रकरणात १९८९ सालीच बजावलं आहे. त्याआधी १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात याच न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनात्मक ठरवली होती, हेही मला ठाऊक आहे. तो वाद इथे उकरायचा नाही. मुद्दा फक्त महोत्सवांपुरता आहे. इथे प्रेक्षक नाव नोंदवून येतो, बहुधा प्रौढ असतो, आणि आपण काय पाहणार हे त्याला छापील पत्रिकेतून आधीच कळलेलं असतं. त्याला कोणापासून वाचवायचं?

गोव्यातल्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचीही आठवण करून देतो. २०१७ मध्ये ज्युरींनी निवडलेले 'न्यूड' (हा तर मराठी) आणि 'एस दुर्गा' हे चित्रपट मंत्रालयाने 'इंडियन पॅनोरमा' या भारतीय चित्रपटांच्या विभागातून परस्पर काढले. ज्युरींचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. मराठी चित्रपटसृष्टीतून तेव्हा जेवढा आवाज उठायला हवा होता तेवढा उठला नाही, असं माझं मत आहे.

पूर्वी असं गप्प बसणं नव्हतं. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली, परदेशी चित्रपटांना नाही. माहितीपटकार एकत्र आले, अट मागे घ्यायला लागली. नंतर निवडीत बरेच अडचणीचे चित्रपट गळाले, तेव्हा याच मंडळींनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' नावाचा स्वतःचा महोत्सव भरवला. आजचे संयोजक यादी दिल्लीला पाठवण्याआधी स्वतःच कात्री चालवतात. 'तो एक गाळा, नाहीतर त्याच्यापायी बाकीचे अडकतील' हे वाक्य मी बैठकांत ऐकलेलं आहे. नाकारलेल्या चित्रपटांची निदान बातमी तरी होते, या वगळलेल्यांची कुठे नोंदच नाही.

प्रागच्या 'एक जग' महोत्सवाबद्दल लेखात एक गोष्ट राहून गेली. १९९९ मध्ये तो सुरू करणारी 'पीपल इन नीड' ही संस्था, १९८९ पर्यंत सेन्सॉरशिप भोगलेल्या देशातल्या पत्रकारांनी आणि जुन्या असंतुष्टांनी उभारलेली आहे. महोत्सव राजधानीपुरता राहत नाही, देशातल्या अनेक लहान गावांत जातो. शाळांसाठी त्यांचा वेगळा उपक्रम आहे. शिवाय ग्रंथालय असो की कॅफे, कोणालाही त्यांच्याकडून माहितीपट घेऊन आपल्या जागेत दाखवता येतो. जिनिव्हात चित्रपटानंतर त्याच विषयावर चर्चा ठेवायचीच, असा नेम आहे. हे आपल्याला न जमण्यासारखं अजिबात नाही. वसंत व्याख्यानमाला चालवणाऱ्या गावांना सभागृह, खुर्च्या आणि वाद घालणारे श्रोते कुठून आणायचे ते शिकवावं लागत नाही. (वक्त्याला वेळेत थांबवणारा अध्यक्ष मात्र अजून सापडायचा आहे.)

तेव्हा मागणी एवढीच. सूट नाकारायची तर मंत्रालयाने ठरावीक मुदतीत, लेखी आणि प्रत्येक चित्रपटासाठी वेगळं कारण द्यावं. मुदत उलटली तर सूट मिळाली असं धरावं. नाकारलेल्या चित्रपटांची कारणांसह यादी मंत्रालयाने दरवर्षी जाहीर करावी, आणि ती आपल्या वृत्तपत्राने त्याच रविवार पुरवणीत छापावी.

आपला,
फिल्म सोसायटीचा एक जुना सभासद, कोल्हापूर