वाई, मेणवली, लिंब, औंध : गाडी काढण्यापूर्वी वाच

प्रिय अन्या,

काकूंना घेऊन दोन दिवस साताऱ्याकडे निघतोयस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुझी यादी लांबलचक आहे. तिच्यातले किल्ले आणि धबधबे खोड, आणि वाई, मेणवली, लिंब, औंध एवढीच गावं ठेव. यातलं एक पाहिलं की दुसरं उलगडतं. मेणवली नाना फडणवीसांना १७६८ मध्ये मिळाली ती औंधच्या संस्थानिकांकडून, म्हणजे पंतप्रतिनिधींकडून. प्रत्येक ठिकाणी आधी एवढंच विचार: हे बांधलं कशासाठी, आणि वापरात कसं होतं? तेवढ्यानं दगड बोलायला लागतात.

वार मंगळवार-बुधवार धर. सोमवारी औंधचं संग्रहालय बंद असतं, आणि शनिवारी सकाळी पाचगणी-महाबळेश्वरची सगळी वाहनं वाईतून जातात. पुण्याहून पहाटे साडेपाचला निघ. खंबाटकी उतरून सुरूर फाट्यावर वळलास की बारा-एक किलोमीटरवर वाई. गणपती आळीत गाडी घालू नकोस. समोरून टेम्पो आला तर मागेही घेता येत नाही. बाजाराअलीकडे लाव आणि घाटापर्यंत चालत जा.

ढोल्या गणपतीचं देऊळ पेशव्यांचे सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. सगळे दर्शन घेऊन परत फिरतात. तू मात्र देवळाला वळसा घालून मागची भिंत बघ. ती सपाट नाही, माशासारखी निमुळती केलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दोहोंकडे फाकतो आणि देवळावर थेट आदळत नाही. नदीच्या पात्रालगत देऊळ बांधायचं तर पाण्याशी भांडून चालत नाही, हे त्या गवंड्यांना पक्कं माहीत होतं. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळही रास्त्यांचंच. तिथला काळा तुकतुकीत नंदी काकूंना आवडेल.

मेणवली तिथून तीनेक किलोमीटर. नानांचा वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे दार बंद मिळू शकतं; गावात विचारून मगच आत जा. उघडा असला तर चौकांच्या भिंतींवरची चित्रं बघ, पण फ्लॅश मारू नकोस आणि भिंतीला हात लावू नकोस, रंगाचे पोपडे सुटतात. घाटावर शूटिंग असलं तर थांबावं लागतं. मागच्या बाजूनं घाटावर उतरलास की मेणेश्वराजवळच्या छोट्या देवळात एक भली मोठी घंटा टांगलेली दिसेल. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हाची ही लूट. चर्चमध्ये वाजणारी घंटा कृष्णाकाठी येऊन देवळात वाजू लागली, हे नुसतं वाचून पोचत नाही. तिच्याखाली उभं राहावं लागतं.

बारापर्यंत लिंबला पोच. पाचवडला महामार्गावर येऊन साताऱ्याच्या दिशेनं निघ आणि लिंब फाट्याला वळ. शेवटचा रस्ता शेतातून जातो, अरुंद आहे. वेळ मुद्दाम सांगतोय: विहीर शंभरावर फूट खोल आहे, ऊन डोक्यावर आलं तरच उजेड तळाकडे जातो.

या बारामोटेच्या विहिरीला तासभर दे. मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी उपसायची चामडी पिशवी. शिलालेखात शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४, असा काळ आहे. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या राणीवशातल्या विरूबाईसाहेबांनी ती बांधवली, आंब्याच्या बागेला पाणी द्यायला. मुख्य विहीर अष्टकोनी, पन्नासेक फूट रुंद. तिला जोडून लहान विहीर आणि दोन्हींच्या मध्ये, पाण्याच्या वर, चक्क एक महाल. कोरीव खांब, भिंतीवर शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी. पायऱ्या उतरून दरवाजातून आत गेलास की वर जाणारे आडजिने दिसतील.

आधी मात्र काठावरून एक फेरी मार आणि मोटांच्या जागा शोध. एकेका मोटेला दोन दोऱ्या: तोंडाला जाड नाडा, खालच्या सोंडेला बारीक सोंदूर. नाडा वरच्या चाकावरून बैलांच्या जुवाला. बैल धावेवरून, म्हणजे त्यांच्या उताराच्या वाटेवरून, खाली चालत गेले की भरलेली मोट वर यायची, सोंदुरामुळे सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत, मोकळी व्हायची आणि पाणी पाटाला लागायचं. मग बैल उलट्या पावलांनी मागे. धाव उताराची का, तर ओढताना बैलाचं स्वतःचं वजनही कामी यावं. अशा बारा मोटा एकाच वेळी चालताना डोळ्यांसमोर आण, म्हणजे काठ एवढा रुंद का ते कळेल.

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं. दिवाळी ते होळी हा काळ बरा. काकूंचे गुडघे दुखत असतील तर त्यांनी महालापर्यंतच यावं, पुढच्या पायऱ्या उंच आहेत. रबरी तळव्याचे बूट आणि एक बॅटरी जवळ ठेव.

मुक्काम साताऱ्यात. कंदी पेढे घेशील तर तांबूस, खमंग भाजलेले घे. पांढरट दिसले तर खवा पुरता भाजलेला नाही.

दुसऱ्या दिवशी रहिमतपूरमार्गे औंध, सव्वा तास. संग्रहालय यमाईच्या डोंगरावर निम्म्या वाटेत आहे, गाडी जाते. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये ते उभं केलं. एवढ्याशा गावात राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं मायलेकराचं शिल्पही. भवानराव स्वतः चित्रकार होते, सूर्यनमस्कारांचा प्रसार त्यांनी केला, आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. त्या माणसाची नजर दालनांतून फिरताना जाणवते, म्हणून घाईनं बघू नकोस. आधी संग्रहालय, मग वर यमाई.

दुपारी तीनला परतीला लाग. ऊसतोडीच्या दिवसांत रहिमतपूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, बहुतेकांना मागे दिवा नसतो. अंधारात त्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत.

तारीख ठरली की कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या