हॅमरचे ड्रॅक्युला पिक्चर हसण्यावारी नेऊ नका

माननीय संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भयपटांवर मोठा लेख आलाय, छान आहे, जपानी कोरियन सगळं आलंय त्यात, पण हॅमर कंपनीच्या ब्रिटिश ड्रॅक्युला पिक्चर्सना जेमतेम दोन ओळी मिळाल्यात आणि त्याही कशा, तर भडक लाल रक्त, नकली वटवाघळं, आता बघताना हसू येतं वगैरे. वाचून फार वाईट वाटलं म्हणून हे पत्र. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, कॉलेजात असताना भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर हे पिक्चर बघितले तेव्हापासूनची फॅन आहे, आणि या पावसाळ्यात भाच्याने साफ केलेल्या प्रिंटच्या ब्लू-रे आणून दिल्या त्यामुळे जवळजवळ सगळी मालिका परत बघून झाली. मला एवढंच म्हणायचंय की हे पिक्चर टिकलेत ते रक्तामुळे नाही आणि सुळ्यांमुळेही नाही. ते बनवणाऱ्या माणसांनी या गोष्टीची मनातल्या मनातसुद्धा टिंगल केली नाही, म्हणून टिकलेत.

आता १९५८ चा पहिला 'ड्रॅक्युला'च घ्या. टेरेन्स फिशरचं दिग्दर्शन, जिमी सँगस्टरची पटकथा, अवघी ८२ मिनिटं. ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ ची, चांगली जाडजूड, त्यात समुद्रप्रवास आहे, लंडन आहे, वेड्यांचं इस्पितळ आहे, आणि इथे बजेट साधारण ८० हजार पौंडांच्या आसपास, मग सँगस्टरने काय केलं तर जहाज काढलं, इंग्लंडच काढून टाकलं, सगळी गोष्ट मध्य युरोपातल्या दोन घरांमध्ये आणून बसवली. आणि ड्रॅक्युलाचं वटवाघूळ होणं, लांडगा होणं हेही काढलं, ड्रॅक्युलाच्या मागावर असलेला डॉक्टर व्हॅन हेल्सिंग स्वतःच पिक्चरमध्ये सांगतो की तो लोकांचा गैरसमज आहे. म्हणजे ज्या वटवाघळांना लेखात नावं ठेवलीत ती या पिक्चरमध्ये नाहीतच हो. १९६० च्या 'ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला'मध्ये आहे एक, आणि ते खरंच वाईट जमलंय, ते मान्य.

ड्रॅक्युला झालेल्या ख्रिस्तोफर लीची एन्ट्री आठवा. साडेसहा फुटाला जेमतेम एक इंच कमी असलेला माणूस जिन्याच्या वरच्या टोकाला काळ्या सावलीसारखा उभा राहतो, आपल्याला वाटतं आता काहीतरी भयंकर होणार, आणि तो भराभर पायऱ्या उतरून खाली येतो, अगदी सभ्यपणे नाव सांगतो, पाहुण्याचं स्वागत करतो, त्याची बॅग स्वतः उचलून वर खोलीत नेतो. १९३१ च्या अमेरिकन ड्रॅक्युलात बेला लुगोसी एकेक शब्द ओढून ओढून बोलायचा, तो त्याच्या जागी ग्रेटच, पण लीने ते सगळं बाजूला ठेवलं आणि खानदानी, घाईत असलेला, व्यवहारी घरमालक उभा केला. त्यानंतर थोड्याच वेळात तोच माणूस लायब्ररीच्या दारात तोंडाला रक्त आणि डोळे लाल असा येतो, टेबलावरून उडी मारतो, आणि तो धक्का आजही बसतो कारण आधीचं सौजन्य खोटं वाटलेलं नसतं. या सुरुवातीच्या भागानंतर ली पूर्ण पिक्चरमध्ये एक शब्दही बोलत नाही. एकूण दिसतोही अगदी थोडी मिनिटंच, तरी तो सगळीकडे आहे असं वाटत राहतं, याला काय म्हणायचं?

मला स्वतःला सगळ्यात जास्त भीती कुठे वाटते सांगू का, ती सुळ्यांची नाही, तळघराची. ड्रॅक्युला ज्याच्या घरावर टपलाय त्या होमवूडच्या बायकोला, मीनाला वाचवायचं म्हणून तो आणि व्हॅन हेल्सिंग दोघं रात्रभर बाहेर बागेत पहारा देतात, खिडक्यांवर नजर ठेवतात, आणि तरी सकाळी ती पलंगावर रक्तबंबाळ पडलेली असते. ड्रॅक्युला आला कुठून? मग व्हॅन हेल्सिंग मोलकरणीला वाइनची बाटली आणायला सांगतो तर ती चाचरते, म्हणते बाईसाहेबांनी तळघरात जायचं नाही म्हणून बजावलंय, आणि तो एकदम धावत सुटतो. ड्रॅक्युलाची शवपेटी घरातच आहे. बाहेर पहारा चाललाय आणि आत घरच्या बाईने स्वतः जागा करून दिलीये! माझ्या आजोळच्या वाड्यात तळघर होतं, दिवेलागणीनंतर आम्हा मुलींना तिथे कोणी उतरू देत नसे, त्यामुळे हा सीन मला जरा जास्तच लागतो हे खरं, पण नुसतं तेवढंच नाहीये. त्याच्या आधी मीना सकाळी घरी परतते तेव्हा कोटाची फरची कॉलर गळ्याशी घट्ट धरलेली आणि चेहऱ्यावर एक वेगळंच तेज, नवऱ्याला कळत नाही की हिला झालंय काय. १९५८ साली सभ्य घरातल्या बाईच्या मनातलं एवढं उघडपणे दाखवलं फिशरने, मेलिसा स्ट्रिबलिंगने एका हसण्यात ते केलं, आणि सेन्सॉरने त्यामुळेच जास्त कात्री चालवली. हे भडक रक्ताचं काम नाही हो, हे निरीक्षणाचं काम आहे.

आणि पीटर कुशिंग. याच्याविषयी लेखात एक अक्षर नाही याचा मला खरंच राग आला. व्हॅन हेल्सिंग म्हणजे नुसता क्रॉस घेऊन फिरणारा म्हातारा, असं पुष्कळांना वाटतं. कुशिंगचा व्हॅन हेल्सिंग काम करणारा माणूस आहे, फोनोग्राफवर नोंदी बोलून ठेवतो, रक्त द्यायचं तर बाह्या वर करून लागतो, प्रत्येक वस्तू हातात अशी घेतो की वर्षानुवर्षं वापरतोय. सेटवर त्याला 'प्रॉप्स पीटर' म्हणायचे ते उगाच नाही, वस्तूंबरोबरचा सराव तो आधीपासून करून ठेवायचा. स्मशानात मोलकरणीच्या लहान टानियाला ल्युसीच्या, म्हणजे मरून रक्तपिपासू झालेल्या होमवूडच्या बहिणीच्या, तावडीतून सोडवल्यावर तो आधी काय करतो तर आपला कोट काढून त्या पोरीला गुंडाळतो, तिच्या हातात क्रॉस देतो, दोन प्रेमाचे शब्द बोलतो, आणि मग आत जातो. शेवटची झटापट तर सगळ्यांना माहीत असेल, लांब टेबलावरून धावत जाऊन पडद्यावर झेप, पडदे खाली, ऊन आत, आणि दोन मेणबत्तीदाण्या आडव्या धरून केलेला क्रॉस. ती झेप आणि मेणबत्तीदाण्या कुशिंगनेच सुचवलेल्या होत्या. पटकथेप्रमाणे खिशातून आणखी एक क्रॉस काढायचा होता, तो म्हणाला असे किती क्रॉस घेऊन फिरणार हा माणूस. उन्हाने मरणं कादंबरीत नाहीये बरं का, तिथे काउंट दिवसासुद्धा फिरतो, ते आलं १९२२ च्या जर्मन 'नोस्फेराटू'पासून, पण ते ऊन खरं लख्ख वाटलं ते इथेच, रंगात.

'ब्राइड्स'मध्ये ली नाही, ड्रॅक्युलाच नाही, तरी माझ्या मते तो दुसऱ्या नंबरचा पिक्चर आहे, फक्त कुशिंगसाठी. पवनचक्कीत त्याला चावा बसतो, शुद्धीवर आल्यावर तो काय झालंय ते ओळखतो, निखाऱ्यात लोखंड लाल करतो आणि स्वतःच्या मानेवर ठेवतो, वर पवित्र पाणी ओततो. त्या वेळचा चेहरा बघा एकदा आणि मग सांगा हसू येतं का. शेवटी पवनचक्कीच्या पात्यांची सावली क्रॉससारखी पडते, बास, आणखी काही नको.

आता थोडं सेटबद्दल, कारण आम्ही ग्वाल्हेरची माणसं राजवाडे बघूनच मोठी झालोय. जयविलास पॅलेस १८७४ चा, दरबार हॉलमधलं एकेक झुंबर साडेतीन टनांचं, छत ते पेलेल का म्हणून वर हत्ती चढवून बघितले होते असं इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही सांगतो. त्यामुळे पडद्यावरचा खोटा महाल आम्हाला लगेच कळतो. पण बर्नार्ड रॉबिन्सनने उभारलेला ड्रॅक्युलाचा वाडा मला कधीच खोटा वाटला नाही, आणि तो होता कुठे तर थेम्सकाठी ब्रे नावाच्या गावाजवळच्या एका जुन्या घरात, त्या घराचाच हॅमरवाल्यांनी स्टुडिओ केलेला. जागा लहान, पैसे कमी, म्हणून तेच खांब तेच जिने रंग बदलून पुढच्या पिक्चरला. ड्रॅक्युलाचे सेट लगेच फ्रँकेन्स्टाइनच्या दुसऱ्या भागाला वापरले, आणि याच मालिकेतल्या १९६६ च्या 'प्रिन्स ऑफ डार्कनेस'चे रासपुतीनवरच्या पिक्चरला. कॅमेरामन जॅक अॅशरने त्यावर असे रंगीत दिवे टाकले की एका कोपऱ्यात जांभळा, एकीकडे हिरवा, आणि मधे माणसाचा चेहरा नितळ. जेम्स बर्नार्डचं संगीत तर ऐकायलाच हवं, ड्रॅ-क्यु-ला या नावाच्या तीन तुकड्यांवरच त्याने तीन सुरांची थीम बांधलीये, पिक्चर संपला तरी डोक्यातून जात नाही. गाण्याच्या गावातली आहे म्हणून सांगते, एवढ्या थोड्या सुरांत एवढी दहशत मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

नव्या प्रिंटबद्दल पण सांगायलाच हवं. सेन्सॉरने कापलेले तुकडे, म्हणजे ड्रॅक्युला मीनाजवळ येतो तो क्षण आणि शेवटी त्याचा चेहरा झडतो ते, इतकी वर्षं गेलेच असं धरून चालले होते. टोकियोत राहणाऱ्या एका इंग्रज चाहत्याने पाठपुरावा केला आणि तिथल्या राष्ट्रीय फिल्म संग्रहात जपानी प्रिंटची शेवटची रिळं सापडली, १९८४ च्या आगीतून वाचलेली! ती जोडून २०१२ मध्ये पिक्चर परत पूर्ण केला. आमच्या जुन्या कॅसेटवर काउंटचा चेहरा हिरवट आणि रात्रीचे सीन म्हणजे नुसता अंधार, त्यावरून मत बनवणाऱ्यांनी कृपया हे बघावं.

पुढचे सगळेच चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. 'प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्ये ली एक शब्द बोलत नाही, तो म्हणायचा डायलॉग इतके वाईट होते की मीच नकार दिला, सँगस्टर म्हणायचा मी लिहिलेच नव्हते, काय असेल ते असो, पण तो पिक्चर बार्बरा शेलीचा आहे. त्या वाड्यात जायचं नाही म्हणून एकटी तीच सांगत असते, कोणी ऐकत नाही, आणि सगळ्यात आधी बळी जातो तिचा नवरा आणि मग ती स्वतः, हे बघून एखाद्या बाईला काय वाटतं ते पुरुष समीक्षकांनी क्वचितच लिहिलंय. १९६८ चा 'ड्रॅक्युला हॅज रिझन फ्रॉम द ग्रेव्ह' कमाईत जोरदार, त्याच वर्षी कंपनीला निर्यातीसाठी राणीच्या नावाचा उद्योग पुरस्कार मिळाला, पण गोष्ट मला पातळ वाटते. १९७० मध्ये ब्रिटनमध्ये एक्स सर्टिफिकेटचं, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीच्या पिक्चरचं, वय १६ वरून १८ झालं आणि मग उघडेपणा वाढला, त्यात सुद्धा 'व्हँपायर लव्हर्स'मध्ये इंग्रिड पिटने कार्मिला या रक्तपिपासू बाईला जे एकटेपण दिलंय ते बघण्यासारखं आहे. लहानपणी नाझी छळछावणीतून वाचलेली बाई होती ती. १९७२ च्या, लंडनच्या चेल्सी भागात घडणाऱ्या ड्रॅक्युलाला तर सगळेच हसतात, तिथली पार्टीतली पोरंपोरी मलाही आवडत नाहीत. पण कुशिंग बघा. १९७१ च्या जानेवारीत त्याची बायको हेलन गेली होती, माणूस इतका खंगला की नायिकेच्या वडिलांचा रोल आजोबांचा करावा लागला, आणि तरी तो ज्या कळकळीने त्या पोरीला वाचवायला धावतो त्यात कुठेही पाट्या टाकलेल्या नाहीत.

म्हणून विनंती अशी की एकदा टेरेन्स फिशर आणि कुशिंग यांच्यावर पुरवणीत नीट लेख द्या, पोस्टरच्या फोटोपुरतं नको. आमच्याकडच्या मराठी मंडळांनाही सांगते, नाटकं गाणी करताच, वर्षातून एक संध्याकाळ प्रोजेक्टर लावून १९५८ चा ड्रॅक्युला दाखवा, हॉल पूर्ण अंधारा करा आणि मधे चहासाठी थांबवू नका. २०२८ मध्ये या पिक्चरला ७० वर्षं होतील, तेव्हा तरी एक पान राखून ठेवा, लिहायला कोणी नसेल तर मी लिहून देते, मानधन नको.

आपली,
एक नियमित वाचक
लष्कर, ग्वाल्हेर