बालीला जा, पण शेजार बघून जा

निगडी, पुणे

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू बालीच्या त्या को-वर्किंग रिट्रीटबद्दल, म्हणजे महिनाभर अनोळखी लोकांबरोबर एकत्र राहून आपापलं काम करायच्या मुक्कामाबद्दल विचारलंस आणि मी "कळवतो" म्हणून फोन ठेवला. आईला वाटलं, मला पसंत नाही. तसं काही नाही. तू जावंस असंच मला वाटतं. मात्र ते लोक जाहिरातीत जे दाखवतात त्यासाठी जाऊ नकोस. स्विमिंग पूल, योगा, भातखाचरांवरचा झोपाळा हे सगळं चार दिवसांची सुट्टी काढूनही बघता येतं. काम बरोबर घेऊन परदेशी जायचं ते वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती सांगायला फोन पुरत नाही म्हणून लिहायला बसलो.

बाणेरच्या खोलीत बसून तू जर्मनीतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यांना सॉफ्टवेअर विकतेस याचा मला फार अभिमान आहे. पण मागे आम्ही तुझ्याकडे राहायला आलो होतो तेव्हा मी बघत होतो. दुपारी एका ग्राहकाची मेल आली, त्यानं वर्गणी बंद केली होती. तू ती मेल पुन्हा पुन्हा वाचलीस, उठून पाणी प्यालीस, परत बसलीस. विचारणार कोणाला? आम्हाला त्यातलं कळत नाही, तुझ्या मैत्रिणी सगळ्या नोकरीत. संध्याकाळपर्यंत तू मनाशीच ठरवलंस की दर जास्त झाला असणार, आणि दर उतरवलास. निर्णय बरोबरही असेल. पण तो ताडून बघणारं दुसरं माणूस त्या खोलीत नव्हतं, आणि हे मला तेव्हापासून खटकतंय.

भोसरीत आपला गाळा नवा होता तेव्हाची गोष्ट. लेथवर एका बुशच्या, म्हणजे पोकळ धातूच्या नळीसारख्या भागाच्या, ऑर्डरवर फिनिश येईना. आतल्या भोकात चॅटरच्या, म्हणजे हत्यार थरथरल्याच्या रेघा. फीड कमी केला, स्पीड बदलला, इन्सर्ट नवा लावला, तरी तेच. शेजारच्या गाळ्यातले टर्नर चहाला निघाले होते. ते दारातच थांबले. मशीनकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता आवाज ऐकला आणि म्हणाले, "बार फार बाहेर काढलाय, आत घ्या." बोरिंग बार, म्हणजे आतून कापणाऱ्या हत्याराचा दांडा, आत सरकवला, घट्ट धरला, आणि पुढचा जॉब आरशासारखा निघाला. त्या माणसानं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, मी मागितलाही नव्हता सल्ला. तो फक्त आवाजाच्या टप्प्यात होता. पुढे त्यांचं जीएसटी आलं तेव्हा रिटर्न मी भरून दिले. भोसरीत, चाकणला, पिंपरीत जे लहान कारखानदार टिकले ते बरेचसे अशा शेजारावर टिकले. तुझ्या धंद्यात भिंतीला भिंत लागून गाळे नसतात. रिट्रीट म्हणजे एक महिन्यापुरता तो शेजार विकत घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो.

आईचा प्रश्न रास्त आहे, की मग परदेशातच कशाला? बालेवाडीला, कोरेगाव पार्कला को-वर्किंगच्या इमारती काय कमी आहेत? आहेत. पण तू तिथे सहा महिने बसून बघितलंस ना. अर्ध्या केबिन कंपन्यांच्या टीमनी घेतलेल्या, जो तो कानात हेडफोन घालून, आणि साडेसहाला ट्रॅफिकच्या धास्तीनं सगळे पसार. एकत्र राहणं, एकत्र जेवणं यानं जे होतं ते तिथे होत नाही. शिवाय तुला विकायचंय युरोपात. तिथला दवाखाना सॉफ्टवेअर का सोडतो हे एखाद्या जर्मन किंवा डच माणसाला जेवता जेवता विचारता आलं तर त्याची किंमत तिकिटापेक्षा जास्त आहे.

आता कुठे जायचं ते. मी बरंच वाचून काढलंय. बालीत उबुडला 2013 साली हबुड नावाची बांबूची को-वर्किंग जागा निघाली आणि जगभरातून लॅपटॉपवाले तिकडे येऊ लागले. आता ती बंद आहे, गर्दी समुद्राकडे चांगगूला सरकली. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर पोंता दो सोल या छोट्या गावात 2021 च्या फेब्रुवारीत सरकारच्या मदतीनं असंच एक गाव वसवलं, कामाची जागा गावातल्या सांस्कृतिक केंद्रात. थायलंडचं चिआंग माईही चांगलं म्हणतात, पण फेब्रुवारी ते एप्रिल तिथे शेतं आणि रानं जाळल्याचा धूर कोंडतो. तुझा लहानपणचा दमा लक्षात घेता ते महिने बिलकूल नकोत.

माझ्या मते जागा निवडावी ती ग्राहकाच्या घड्याळावर. उन्हाळ्यात जर्मनीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात साडेबारा असतात, बालीत दुपारचे तीन आणि मदेरात सकाळचे आठ. म्हणजे बालीत तुला अख्खी सकाळ आणि दुपारचं जेवण मोकळं मिळतं. स्वतःचं काम आणि लोकांशी बोलणं तेव्हाच होणार. मीटिंगा तीननंतर. तुझे ग्राहक न्यूयॉर्कचे असते तर मी बालीला नाहीच म्हटलं असतं, कारण त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे तिथे रात्रीचे नऊ, आणि बाकीचे गप्पा मारत बसलेले असताना तू खोलीत कॉलवर. तेव्हा तुझ्यासाठी बाली ठीक आहे, आणि व्हिसाही सोपा. मदेराला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा लागेल, त्याला 90 युरो फी, 30,000 युरोचा विमा आणि अपॉइंटमेंटची वाट बघणं.

बालीला आपल्याला विमानतळावर 30 दिवसांचा व्हिसा मिळतो आणि तो आणखी 30 दिवस वाढवता येतो. पण तो पर्यटकाचा आहे हे विसरू नकोस. तिथल्या कोणाकडून पैसे घेऊन काम करायचं नाही, मानधन घेऊन वर्कशॉपसुद्धा नाही. अशी कामं करणाऱ्या परदेशी लोकांना त्यांनी परत पाठवलेलं आहे. बाहेरच्या ग्राहकांसाठी तिथे बसून लॅपटॉप उघडणं कशात बसतं, हे निघण्याआधी इंडोनेशियाच्या वकिलातीकडून लेखी विचारून घे. रिमोट काम करणाऱ्यांसाठी इंडोनेशियानं 2024 मध्ये वेगळा व्हिसा काढलाय, पण त्याला वर्षाला 60,000 डॉलर उत्पन्न आणि परदेशी कंपनीचा नोकरीचा करार लागतो. तुझी स्वतःचीच कंपनी, तेव्हा तो आपल्या उपयोगाचा दिसत नाही.

मार्चमध्ये जाणार असशील तर एक सांगतो, हे वाचून मला फार आनंद झाला. बालीतल्या हिंदूंचं वर्ष शक संवताचं, आपल्यासारखंच. त्यांचा न्येपी म्हणजे नववर्षाचा दिवस 2023 साली 22 मार्चला आला, त्याच दिवशी आपला गुढीपाडवा. त्या दिवशी तिथे संपूर्ण मौन. रस्त्यावर कोणी नाही, दिवे नाहीत, विमानतळ चोवीस तास बंद, आणि मोबाइलचं इंटरनेटही बंद ठेवतात. तेव्हा त्या दिवसाची कुठली डिलिव्हरी कबूल करू नकोस. ग्राहकांना आधी कळव, आणि तो दिवस बालीच्या लोकांसारखाच पाळ.

रिट्रीटवाल्यांना काय विचारायचं? वाय-फाय किती वेगाचं हे सगळेच विचारतात. तू विचार की त्या महिन्यात कोण येणार आहे. नावं देणार नाहीत, देऊही नयेत, पण धंदा कुठला, किती वर्षं झाली, स्वतःचा माल विकतात की नोकरी करतात, एवढं सांगायला हरकत नसावी. तुझ्या दोन-तीन वर्षं पुढे असलेली चार माणसं तरी हवीत. सगळेच नवखे असतील तर महिनाभर एकमेकांचा उत्साह वाढवतील आणि बिल भरून घरी येतील. आठ दिवसांच्या रिट्रीटला मी साफ विरोध करीन. दोन दिवस ओळखीत जातात, एक सामान आवरण्यात, उरलेले त्यांच्या कार्यक्रमांत. माणूस आपली खरी अडचण तिसऱ्या आठवड्यात बोलतो. आणि खोलीत टेबल-खुर्ची कशी आहे त्याचा फोटो मागव. बीन बॅगवर महिनाभर काम केलंस तर परत येऊन तुझ्याच ग्राहकांसारख्या कोणाकडे तरी जावं लागेल.

सगळे पैसे आगाऊ देऊ नकोस. रिमोट इयर ही या क्षेत्रातली नावाजलेली कंपनी, 2015 पासून लोकांना गटागटानं शहरोशहरी नेत होती, ती 2024 च्या डिसेंबरमध्ये बंद पडली. मोठ्यांचं असं होतं तर दहा खोल्यांच्या व्हिलाचं काय घ्या. कंपनीच्या खात्यात तीन महिन्यांचा खर्च शिल्लक ठेवूनच तिकीट काढ, कमी पडले तर माझ्याकडून घे, कर्ज नको. एलयूटी, म्हणजे निर्यातदाराचं जीएसटीचं हमीपत्र, या वर्षाचं भरलंय ना ते सीएंना विचार, म्हणजे निर्यातीवर आयजीएसटीची कटकट नको. स्कूटर चालवायची तर परवान्याचं आधी बघ, कारण परवाना चालत नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. पहिल्या दिवशी उजेडी पोहोच आणि खोलीचा पत्ता आईला पाठव, तिला झोप येणार नाही त्याशिवाय.

तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यातच ती वर्गणी सोडणाऱ्या ग्राहकांची यादी कोणाला तरी दाखव. लाजू नकोस. आणि दुसऱ्याच्या कामातही डोकं घाल. तुझं हिशेबाचं डोकं चांगलं आहे, कोणाच्या तरी दराच्या तक्त्यात तुला पटकन चूक दिसेल, ती सांग. घेण्यापुरतं बसणाऱ्याला लोक चार दिवसांत ओळखतात.

रिट्रीटवाल्यांना आजच मेल कर आणि येणाऱ्या गटाची माहिती व परताव्याच्या अटी मागव. आल्या की रविवारी इकडे ये, आपण दोघं करार ओळीनं वाचू.

तुझे,
बाबा