ते मशीन घ्यावं का

प्रिय ताई,

त्या जुन्या लाकूडकामाच्या मशीनचे तू पाठवलेले फोटो काल रात्री पाहिले आणि आज सकाळी उजेडात पुन्हा पाहिले. मशीन दिसायला छान आहे. रंग नवा आहे, नळ्या चमकतायत. पण मला ज्या जागा बघायच्या होत्या त्यातली एकही फोटोत नीट आलेली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. घाईने पैसे देऊन मोकळी होऊ नकोस.

हे शॉपस्मिथची, म्हणजे एकात अनेक कामं करणाऱ्या मशीनची, नक्कल आहे हे तू ओळखलंसच. मूळ मशीन हान्स गोल्डश्मिट यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत बनवलं. एक मोटर, तिने फिरणारा एक दांडा म्हणजे स्पिंडल, आणि खाली दोन समांतर नळ्या, ज्यांवरून मोटर-स्पिंडलचा डबा म्हणजे हेडस्टॉक सरकतो. पातं लावलं की टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली करवत, घासायची तबकडी लावली की सँडर, लाकडाचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक बसवला की लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र. आडवी भोकं पाडता येतात, आणि सगळा सांगाडा उभा केला की ते उभं ड्रिल होतं. १९५० च्या दशकात त्याचं मार्क फाइव्ह मॉडेल आलं. पेटंटची मुदत सरली की तसंच मशीन काढायला इतर मोकळे होतात. त्यात गैर काही नाही, आणि काही नकला खरंच चांगल्या असतात.

तू लिहिलंयस, ‘चालतं तर आहे, मग एवढे द्यायला काय हरकत?’ मला मात्र ते चालण्यापेक्षा मूळ मशीनचे भाग त्याला बसतात का, याची जास्त काळजी आहे. शॉपस्मिथचे भाग आजही मिळतात. नक्कल करणाऱ्याचं दुकान बंद झालं की त्याच्या ओतीव भागाला जगात कुठेही जोड सापडत नाही. म्हणून व्हर्नियर कॅलिपर बरोबर ने आणि पहिल्यांदा स्पिंडल मोज. मूळ स्पिंडल ५/८ इंचाचा, म्हणजे बरोबर पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), मिलिमीटरमध्ये १५.८७५. कॅलिपरवर १६ आले तर सावध हो. फरक मिलिमीटरच्या आठव्या भागाचा आहे, पण मूळ मशीनचा ड्रिल धरणारा चक किंवा पातं बसवायचा आर्बर त्यावर चढणारच नाही. मग विकणारा देतोय तेवढेच भाग तुझे, पुढे काही मिळायचं नाही. अशा मशीनला मी निम्म्याहून कमी मोल देईन. नळ्याही मोज: मूळच्या १ ३/४ इंच, म्हणजे चौदा सूत.

हे मी अनुभवाने सांगतोय. तू लहान असताना मी अशीच एक नक्कल आणली होती. मी पोहोचलो तेव्हा मशीन आधीच चालू होतं. मालक म्हणाला, ‘बघा, किती शांत चालतंय.’ मी ऐकलं आणि पैसे दिले. घरी दुसऱ्या दिवशी सकाळी थंड मशीनचं बटण दाबलं तर मोटर नुसती घुंघुं करत राहिली, फिरेना. दोष मोटरीला सुरुवातीचा झटका देणाऱ्या कपॅसिटरचा होता, तो अर्ध्या तासात बदलला. मग हेडस्टॉकमधून बारीक शीळ यायला लागली. तेही निभावलं, कारण बेअरिंगच्या अंगावर नंबर असतो आणि त्या मापाचं बेअरिंग कुठलंही चालतं. पण वेग बदलणारी पुली तडकली तिथे सगळं थांबलं. ती त्या कंपनीच्या साच्यातली होती आणि कंपनी उठून गेली होती. मशीन दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिलं. त्याचं दुःख मला आजही आहे, कारण उरलेला सगळा सांगाडा ठणठणीत होता.

म्हणून मालकाला आधीच सांग, मी येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर मोटरीवर हात ठेव, गार लागली पाहिजे. चालू झालं की वेगाची चकती तो कधी फिरवतो तेही बघ. या रचनेत वेग मशीन फिरत असतानाच बदलायचा असतो, कारण पुली दोन अर्धांची बनलेली असते आणि बेल्ट त्या अर्धांमध्ये सरकत असतो. बंद मशीनवर चकती जोराने फिरवणारा मालक असेल तर आतली जोडणी किती वेळा ताणली गेली असेल, याचा तूच अंदाज कर. मार्क फाइव्हचा वेग मिनिटाला ७०० ते ५२०० फेरे. वरचं टोक तुला फारसं लागणार नाही. खालचं मात्र नीट तपास. लेथवर ओबडधोबड ओंडका जास्त वेगाने फिरवणं जिवाशी खेळ आहे, आणि तू हे मशीन लेथसाठीच घेतेयस.

आता मशीन बंद करून प्लग काढ. क्विल, म्हणजे ड्रिल करताना पुढे येणारा भाग, पूर्ण बाहेर काढ. टोक दोन बोटांत धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलव. निरोगी क्विल हलत नाही. बारीक ‘टक’ लागली तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. किंचित प्ले आवळून जातो, पण आवळल्यावरही राहिला तर ओतीव भागातलं भोकच झिजलंय असं समज, आणि त्याला औषध नाही. हेडस्टॉकचं लॉकही बघ. आवळून दोन्ही हातांनी ढकल. सरकला तर आतली पाचर अडकलेली किंवा झिजलेली असते.

टेबलाची खाच पात्याला समांतर नसेल तर घाबरू नकोस. पात्याच्या एका दाताला खडूने खूण कर, तोच दात पुढे आणि मग मागे आणून टेबलाच्या खाचेपासूनचं अंतर मोज. फरक आला तर बोल्ट सैल करून टेबल जुळवता येतं, त्याचे पैसे कापू नकोस. नळ्यांवरचा वरवरचा गंजही तसाच, घासून निघतो. पण नळी सपाट जागेवर लोळवल्यावर अडखळली, किंवा लॉकच्या भोवती ओतीव भागाला केसाएवढीही चीर दिसली, तर चहा घेऊन परत ये.

फोटोत टेलस्टॉक दिसला, पटाशी टेकवायचा टूल रेस्ट दिसला नाही. पात्यावरचं गार्डही नाही. गार्डशिवाय करवत तू चालवायची नाहीस, हे तुझी आईच बोलतेय असं समज हवं तर. या बाबतीत तिचं आणि माझं एकच मत आहे. जे जे नाही त्याची नवी किंमत काढून मागितलेल्या रकमेतून वजा कर. विकणारे ‘ते कुठेतरी असेल, पाठवतो’ म्हणतात. हातात आलं तरच धर.

रकमेचा हिशेब मी असा करतो. मशीन उद्या कायमचं बंद पडलं तर मोटर, नळ्या आणि मूळ मशीनला चालणारे भाग सुटे विकून किती येतील? ती खालची मर्यादा. त्याच अवस्थेतलं मूळ शॉपस्मिथ जुन्या बाजारात कितीला जातं, ती वरची, आणि नक्कल तिच्या जवळपासही जाऊ नये. मधली जागा तुझ्या कामावर ठरते. तुझी कापणी तू हातकरवतीवर आनंदाने करतेस, म्हणजे टेबल सॉसाठी तू काही जास्त द्यायची गरज नाही. लेथ आणि ड्रिल एवढंच मोज. एक कळ मात्र सोसावी लागेल: लेथ लावलेला असताना मध्येच एक भोक पाडायचं तर सगळं उतरवून पुन्हा चढवावं लागतं. मला त्याचा कंटाळा यायचा. तुझा स्वभाव माझ्यापेक्षा शांत आहे.

शनिवारी जाशील तेव्हा बटण दाबायच्या आधी मला फोन लाव आणि फोन हेडस्टॉकजवळ धर. तो पहिला आवाज मला ऐकायचा आहे.

तुझे,
बाबा