काही फरक?

फोंडा,
रविवार, श्रावण

प्रिय विनय,

परवा फोनवर तू विचारलंस, "काय रे, बाबूला काही फरक?" मी "आहे, हळूहळू" म्हणालो आणि गाडी पावसावर नेली. फोन ठेवल्यावर माझाच मला राग आला. हे ठेवणीतलं उत्तर दुकानदाराला, शेजाऱ्यांना, कदंबाच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला द्यायचं. तुझ्याबरोबर फर्मागुढीचा चढ सायकल ढकलत चढलोय मी, तुला तरी नीट सांगायला हवं.

आमचा बाबू आता नऊ वर्षांचा. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा केवढा धीर आला होता! पुढचं बहुतेक ऐकलंच नाही मी. इजा वाढत नाही, पण मूल वाढतं. हाडं लांबतात आणि आखडलेले स्नायू त्या वेगानं लांबत नाहीत. यंदा तो दोन इंच उंच झाला. आत्या त्याच्यावरून कानशिलाला बोटं मोडते आणि आम्ही दोघं त्याच्या पोटऱ्या चाचपत बसतो. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास पायांना ताण द्यायचा, तो टाच आहे तिथेच राहावी म्हणून. फरक पडू नये म्हणून रे! हे बसमधल्या माणसाला दोन थांब्यांत कसं सांगू?

मग स्प्लिंट, म्हणजे पाय सरळ धरून ठेवणारा कडक साचा. आधी मोजा, त्याला एकही चुणी नको. गुडघा वाकवून टाच मागे पूर्ण टेकवायची, मग घोट्याचा पट्टा, मग वरचा. टाच जरा वर राहिली की संध्याकाळी लाल वळ उठतो, आणि तो अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट पुन्हा कारागिराकडे. या दमट हवेत मोजे दिवसातून तीनदा बदलायचे आणि पावसाळ्यात ते वाळत नाहीत. आमच्या पडवीत दोरीभर छोटे मोजे लटकलेले असतात. पोस्टमनने एकदा विचारलं, घरात मुलं किती?

जेवण हा वेगळाच अध्याय. पातळ काही त्याच्या घशात नीट उतरत नाही, ठसका लागतो. म्हणून उकड्या तांदळाची पेज घोटून दाट करायची, नाचणीचं तिझण चमच्याला चिकटेल इतकं आटवायचं. मान किंचित खाली, चमचा समोरून, घोट गिळल्याशिवाय दुसरा नाही. एका वाटीला पाऊण तास. मागच्या महिन्यात ऑफिसला उशीर होत होता आणि त्याने तिसऱ्यांदा पेज माझ्या शर्टावर फुर्रर्र केली. मी हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. त्याने डोळे घट्ट मिटले. हिने काही न बोलता माझ्या हातातली वाटी घेतली. मी तसाच पेजेच्या शर्टाने ऑफिसला गेलो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मोठी लेक मात्र बिनधास्त आहे. त्याने केस ओढले की ती चापट मारते, तो खिदळतो, ही ओरडते. घरात त्याच्याशी सरळ भांडणारी ती एकटीच.

कागदपत्रांचं रडगाणं गात नाही. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, ४० टक्क्यांची अट आधीसारखीच राहिली, अपंगत्वाचं कार्ड आलं, ते आम्ही काढलं. निरामय हा सरकारी आरोग्य विमा एक लाखाचा, तोही आहे. मला झोप लागू देत नाही ते वेगळंच. १८ वर्षं झाली की कायद्याने मी त्याचा पालक राहत नाही. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व मागायचं. स्वतःच्या मुलाचं! आणि मी गेल्यावर कोण? मोठीला हे विचारायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. तिने स्वतःहून विचारलं तर काय, ते ठरलेलं नाही.

आत्याने देवळात कौल लावला. उजवी कळी पडली. ती आनंदाने रडली, मी प्रसाद खाल्ला. काय भांडू तिच्याशी? तिची ती थेरपी. चारचौघांत गेलं की बायका "मागच्या जन्मीचं" वगैरे कुजबुजतात, त्याचं मात्र अजून लागतं. जानेवारी २०२३ मध्ये पणजीला पहिला पर्पल फेस्ट, अपंग माणसांचा महोत्सव, झाला तेव्हा गेलो होतो. सगळीकडे चाकखुर्च्या, हातांनी बोलणारी माणसं, पांढऱ्या काठ्या. संपूर्ण दुपारभर कुणी आमच्याकडे वळून पाहिलं नाही. हिला तर चुकल्यासारखंच वाटायला लागलं.

चवथीला येतोस ना? पायऱ्यांवर फळी टाकून उतार केलाय, तुझी बॅग त्यावरूनच ढकल.

आता फरकाचं. त्याच्याकडे एक चित्रांची वही आहे. तो बोलत नाही, हवं त्या चित्रावर नजर रोखतो. पाणी, पंखा, ताई, पाव. संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार फिरणाऱ्या पाववाल्याचा, भोंपू आमच्याआधी त्याला ऐकू येतो, अंग ताठ करून "पों" करतो. गेल्या मंगळवारी पोदेर आलाच नाही. बाबूने वहीतल्या पावावर नजर रोखली, मग खिडकीकडे, मग पुन्हा पावावर. ही म्हणाली, भूक लागली असेल. डब्यातला पाव दिला तर तोंड फिरवलं. पुन्हा पाव, पुन्हा खिडकी, आणि या वेळी माझ्याकडे, अशा रागाने की बस्स. तेव्हा ट्यूब पेटली. तो पाव मागत नव्हता. पोदेर कुठेय, असं विचारत होता. समोर असलेल्या वस्तू तो दाखवतोच. समोर नसलेल्या माणसाबद्दल तो पहिल्यांदाच बोलला, विनय. आम्ही दोघं खुळ्यासारखे त्या वहीकडे बघत राहिलो.

बुधवारी पोदेर आला. दाराशी थांबून त्याने मुद्दाम दोनदा भोंपू वाजवला. बाबूने "पों" केलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसला. चक्क रुसला होता.

तुझा,
अनंत