स्त्री-चाहती ही मैदानावरची पाहुणी नव्हे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाचे क्रीडा पान मी अनेक वर्षे नियमितपणे वाचते. एखाद्या मोठ्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पानावर प्रेक्षकांची छायाचित्रे येतात आणि त्यांत बहुधा गालांवर संघाचे रंग लावलेली एखादी तरुणी असते. छायाचित्राखालची ओळ सामन्याला लाभलेल्या सौंदर्याविषयी, ग्लॅमरविषयी काहीतरी सांगते. शेजारच्या चौकटीत पुरुष चाहता असला, तर तो किती वर्षांपासून या संघाचा पाठीराखा आहे, आजच्या सामन्यासाठी किती लांबून आला आहे, याची माहिती मात्र आवर्जून दिलेली असते. त्या तरुणीला हे प्रश्न कोणी विचारलेले नसतात. हा फरक मला दर वेळी खटकतो. तो सविस्तर मांडावासा वाटला, कारण संघावरची निष्ठा म्हणजे काय, हे मी माझ्या भाचीमुळे फार जवळून पाहत आले आहे.

माझी भाची चोविशीतली आहे. फुटबॉलमध्ये लिव्हरपूल आणि क्रिकेटमध्ये रॉयल चॅलेंजर्स बंगळूरु हे तिचे संघ. यांतल्या दुसऱ्या संघाचा पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन्ही चमू ती सारख्याच मनापासून पाहते. शाळेत असल्यापासून ती सामन्यांच्या वह्या लिहिते. डाव्या पानावर शाईने सुरुवातीचे अकरा खेळाडू, त्यांच्या जागा आणि दुखापतीमुळे बाहेर असलेल्यांची नावे. उजव्या पानावर पेन्सिलीने मिनिटांप्रमाणे नोंदी. ७ मे २०१९ रोजी लिव्हरपूलने घरच्या मैदानावर म्हणजे अ‍ॅनफिल्डवर बार्सिलोनाचा ४-० असा पराभव करून चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीतल्या पहिल्या सामन्यातली तीन गोलांची पिछाडी भरून काढली, त्या रात्रीचे पान तिने मला दाखवले होते. डाव्या बाजूला सालाह आणि फिर्मिनो हे आघाडीचे खेळाडू संघात नसल्याची नोंद आहे. उजवीकडे मध्यंतराला रॉबर्टसनच्या जागी वाइनाल्डम आल्याचे लिहिले आहे आणि त्याच्या खाली ५४ आणि ५६ हे आकडे दोनदा गिरवलेले आहेत, कारण त्याच वाइनाल्डमने त्या दोन मिनिटांना गोल केले. ७९व्या मिनिटासमोर 'कॉर्नर, बचावफळीचे लक्षच नव्हते' एवढेच शब्द आहेत. अलेक्झांडर-अर्नॉल्डने प्रतिस्पर्धी सावरण्याआधीच घेतलेला तो कॉर्नर आणि ओरिगीचा गोल पुढे जगभर चर्चिला गेला. तिने तो त्याच क्षणी नेमका टिपला होता.

अशा मुलीला आमच्याकडे आलेल्या एका परिचितांनी, ती फुटबॉल पाहते हे कळताच, 'मग ऑफसाइड म्हणजे काय ते सांग बघू' असे विचारले. तिने शांतपणे सांगितले. चेंडू सहकाऱ्याकडून येतो त्या क्षणी खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात असेल आणि चेंडूपेक्षा तसेच शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा गोलरेषेच्या अधिक जवळ असेल, तर तो ऑफसाइड स्थितीत असतो. हात आणि बाहू यात धरत नाहीत. केवळ त्या स्थितीत असणे हा गुन्हा नाही, खेळात सहभाग घेतला तरच तो होतो. आणि थ्रो-इन, गोल-किक किंवा कॉर्नरवरून चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइड नसतोच. त्यावर 'छान पाठ केलं आहेस' असा शेरा मिळाला. शेजारी बसलेल्या तिच्या भावाला, जो वर्षातून दोन-चार सामने पाहतो, असा प्रश्न कोणी कधी विचारलेला मी ऐकलेला नाही. मुलगा सामना पाहतो म्हटले की त्याला खेळ कळतो असे धरून चालतात आणि मुलगी पाहते म्हटले की तिने आधी परीक्षा द्यायची. ती उत्तीर्ण झाली तरी गुण मात्र घोकंपट्टीच्या खात्यात जमा होतात. हा अपमान आहे. तो हसत हसत केला जातो म्हणून तो कमी होत नाही.

दुसरा आक्षेप याहून जुना आहे. मुली खेळाडूच्या रूपावर भाळतात, संघाशी त्यांना देणेघेणे नसते, असे सर्रास बोलले जाते. एखादा खेळाडू आवडणे यात गैर काहीच नाही. मुलांच्या खोल्यांतल्या भिंतींवरही खेळाडूंचीच चित्रे असतात. पण निष्ठा पारखायची असेल तर ती पराभवाच्या दिवसांत पारखावी. बंगळूरुच्या पुरुष संघाने २००९, २०११ आणि २०१६ असे तीन अंतिम सामने गमावले. २०१६चा तर स्वतःच्या मैदानावर, अवघ्या आठ धावांनी. आयपीएलचे पहिले विजेतेपद त्यांना मिळाले ते ३ जून २०२५ रोजी, अठराव्या हंगामात. लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी १९९०नंतर इंग्लंडच्या साखळी विजेतेपदासाठी २०२०पर्यंत वाट पाहिली. चेहरे पाहून जडलेले प्रेम एवढा काळ टिकत नाही, कारण या काळात चेहरे कितीतरी वेळा बदलतात. माझ्या भाचीकडे अजून फिर्मिनोच्या नावाची जर्सी आहे. तो २०२३ मध्ये क्लब सोडून गेला, पाठीवरची अक्षरे धुऊन धुऊन सुटू लागली आहेत, तरी ती जर्सी तिला टाकवत नाही. आणि ती जर्सी ती आवर्जून घालते ती संघ हरला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

ही सवय मला विशेष मोलाची वाटते. रॉबर्ट चाल्डिनी या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या काही विद्यापीठांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. आपल्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकला की पुढच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढते, असे त्यांना आढळले. दुसऱ्याच्या यशाच्या उजेडात उभे राहण्याची ही ओढ माणसाच्या स्वभावातच आहे. पराभवानंतरही तेच रंग अंगावर घालून बाहेर पडणारी व्यक्ती या ओढीच्या पलीकडे गेलेली असते, आणि तिला 'हौशी' म्हणून बाजूला सारणे हा तिच्यावर अन्याय आहे.

महिला संघांच्या बाबतीत तर ही निष्ठा अधिक ठळकपणे दिसते. बंगळूरुचा महिला संघ डब्ल्यूपीएल या महिलांच्या लीगच्या २०२३च्या पहिल्या हंगामात सलग पाच सामने हरला होता. पुढच्याच वर्षी, १७ मार्च २०२४ रोजी, स्मृती मानधनाच्या नेतृत्वाखाली त्याने दिल्लीला ११३ धावांत गुंडाळून आठ गडी राखून अंतिम सामना जिंकला. म्हणजे त्या नावाला आयपीएल-डब्ल्यूपीएलमधले पहिले विजेतेपद मुलींनी मिळवून दिले, पुरुष संघाच्या एक वर्षापेक्षा अधिक आधी. भारतीय महिला संघाचेही तसेच. २००५ आणि २०१७ या दोन एकदिवसीय विश्वचषकांचे अंतिम सामने हातचे गेले, त्यांतला २०१७चा केवळ नऊ धावांनी. २०२५च्या स्पर्धेत साखळीतच सलग तीन पराभव झाले, तेव्हा पुष्कळांनी पाठ फिरवली. माझ्या भाचीची वही चालूच होती. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावा आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी मिळवलेला विजय तिने पाहिला, तो आधीच्या सगळ्या नोंदींसह. त्या रात्री विजयोत्सवात सामील झालेले सर्वच आनंदी होते आणि ते योग्यच होते. पण ज्यांनी त्या तीन पराभवांतला प्रत्येक चेंडू पाहिला होता, त्यांचा आनंद अधिक खोल होता असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

संघाशी नाते जोडले की त्याचा इतिहासही आपला होतो, दुःखासकट. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या उपांत्य सामन्यात प्रेक्षकांच्या कुंपणबंद कक्षात चेंगराचेंगरी झाली; त्या दुर्घटनेतील मृतांची संख्या आज ९७ मानली जाते. दोष चाहत्यांच्या माथी मारला गेला. त्याविरुद्ध जे कुटुंबीय दशकानुदशके लढले, त्यांत मुले गमावलेल्या माता आघाडीवर होत्या. पंधरा वर्षांचा मुलगा केव्हिन गमावलेल्या अ‍ॅन विल्यम्स यांनी अखेरपर्यंत पाठपुरावा केला आणि २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. हे मृत्यू बेकायदेशीर कृतीमुळे झाले असा ज्यूरीचा निष्कर्ष आला तो २०१६ मध्ये. माझ्या भाचीच्या जन्माच्या कितीतरी आधीची ही घटना. ती तिला तारखांसह ठाऊक आहे, कारण संघाच्या जर्सीवर मानेमागे ९७ हा आकडा छापलेला असतो आणि तो तिथे का आहे हे तिला जाणून घ्यावेसे वाटले. ४ जून २०२५ रोजी बंगळूरुच्या विजयोत्सवाच्या दिवशी मैदानाबाहेर चेंगराचेंगरीत अकरा जण दगावले, त्यांत तरुण मुलीही होत्या, तेव्हा तिने प्रथम हिल्सबरोचेच नाव घेतले. विजेतेपदाची नोंद असलेल्या पानाच्या पुढचे पान तिने कोरे सोडले आहे.

स्त्रियांना प्रेक्षक म्हणून मैदानात बसण्यासाठी काय सोसावे लागले आहे, याचीही आठवण आपल्या वाचकांना करून द्यावी असे मला वाटते. इराणमध्ये १९७९च्या क्रांतीनंतर काही काळातच पुरुषांच्या फुटबॉल सामन्यांना स्त्रियांची उपस्थिती जवळजवळ बंद झाली आणि ती बंदी जवळपास चार दशके टिकली. सहर खोदायारी ही २९ वर्षांची तरुणी इस्तेगलाल संघाची चाहती होती. २०१९ मध्ये पुरुषी वेष करून सामन्याला जाण्याचा प्रयत्न करताना तिला अटक झाली. पुढे तुरुंगवासाच्या भीतीने तिने न्यायालयाबाहेर टोकाचे पाऊल उचलले आणि सप्टेंबरमध्ये तिचा मृत्यू झाला. संघाच्या रंगावरून जग तिला 'निळी मुलगी' म्हणून ओळखू लागले. तिच्या मृत्यूनंतर जगभर निषेध झाला, आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाचा दबाव वाढला आणि १० ऑक्टोबर २०१९ रोजी तेहरानच्या आझादी मैदानात काही हजार स्त्रियांनी रीतसर तिकीट काढून इराण-कंबोडिया सामना पाहिला. इराणने तो १४-० असा जिंकला. एवढा एकतर्फी सामना एरवी कोणाच्या लक्षातही राहिला नसता.

तुर्कस्तानातले उदाहरण वेगळे आणि आनंदाचे आहे. प्रेक्षकांच्या गैरवर्तनामुळे फेनरबाचे संघावर रिकाम्या मैदानात खेळण्याची शिक्षा आली असता, तिच्याऐवजी केवळ स्त्रिया आणि बारा वर्षांखालील मुले यांना प्रवेश देण्याचे ठरले. २० सप्टेंबर २०११ रोजी इस्तंबूलमध्ये मनिसास्पोरविरुद्धच्या त्या सामन्याला ४१ हजारांहून अधिक स्त्रिया आणि मुले आली, त्यांनी संपूर्ण वेळ संघाची गाणी म्हटली, आणि खेळाडूंनी त्यांच्याकडे फुले फेकली. ज्यांनी ते मैदान भरले त्यांना संघाची गाणी एका रात्रीत कोणी शिकवली नव्हती. ती त्यांना आधीपासून येतच होती.

'एवढा वेळ अभ्यासाला, नोकरीला दिला असता तर' हे वाक्यही चाहत्या मुलींना हमखास ऐकावे लागते. माझी भाची नोकरी करते, घरातली जबाबदारी उचलते आणि उरलेल्या वेळात सामने पाहते. याहून अधिक उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही.

संपादक महोदय, आपल्या क्रीडा विभागाकडे माझ्या काही विनंत्या आहेत. प्रेक्षागारातल्या तरुणीचे छायाचित्र छापायचे असेल, तर तिची संमती घ्यावी, आणि ती कोणत्या संघाची पाठीराखी आहे, केव्हापासून आहे, आजच्या खेळाविषयी तिचे मत काय, हे तिला विचारून छापावे. महिलांच्या सामन्यांचे धावफलक संक्षिप्त वृत्तांत न ढकलता पुरुषांच्या सामन्यांप्रमाणे पूर्ण द्यावेत, म्हणजे माझ्या भाचीसारख्यांना नोंदी पडताळण्यासाठी इतरत्र शोधत बसावे लागणार नाही. रात्री उशिरा संपणाऱ्या सामन्यांनंतर स्त्री-प्रेक्षकांसाठी प्रकाश, वाहतूक आणि स्वच्छतागृहे यांची व्यवस्था कशी होती, हाही सामन्याच्या वार्तांकनाचा भाग मानावा; तिकीट तिनेही पुरुषांइतक्याच दराने काढलेले असते. आणि वाचकांची मते मागवताना, येत्या हंगामाआधी आपण जे संघांविषयीचे अंदाज छापता, त्यांत तरुण मुलींचे अंदाजही असावेत. माझ्या भाचीचा अंदाज मी या पत्रासोबत स्वतंत्र कागदावर, तिच्या परवानगीने जोडत आहे. तो लिव्हरपूलच्या बचावफळीविषयी आहे आणि बराच परखड आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक